जाणाऱ्याला हटकू नये

गाडीची किल्ली परक्या माणसाच्या हातात बघितली आणि अनुजाच्या काळजात धस्स झालं.

"घाबरू नका ताई, काका खाली गाडीत बसलेत. बरे आहेत," दारातला तरुण घाईघाईने म्हणाला. "मी बुद्धभूषण. करी रोडचा. काकांच्या गाडीतून रोज दादरला जातो ना, तो."

तेव्हा कुठे तिला ओळख पटली. हे नाव ती महिनाभर ऐकत होती. शहराने 'सहप्रवास' नावाचं अ‍ॅप काढलं होतं: एकट्याने गाडी हाकू नका, वाटेतल्या माणसाला बसवा, रस्ता मोकळा करा. गिरगावच्या नाक्यानाक्यावर त्याच्या पाट्या. पंचाहत्तरीचे सासरे, कमलाकांत, रोज सकाळी एकटेच गाडी काढून दादरच्या कट्ट्यावर मित्रांकडे जायचे. शेजारी निदान कुणीतरी असावं, म्हणून तिनेच ते त्यांच्या मोबाईलवर घालून दिलं. वाटलं होतं, फोन फेकून मारतील. कसलं काय! एका दिवसाचा खाडा नाही. रविवारीसुद्धा कुणी मिळतंय का बघत बसायचे. मग काय, अनुजा साऱ्या बिल्डिंगमध्ये मिरवायला मोकळी: आमचे बाबा बघा, तरुणांना लाजवतील!

"अ‍ॅक्सिडेंट झाला का?" तिने विचारलं.

"नाय हो. लालबागच्या ब्रिजवर फोनच बंद पडला. ती बाई बोलते ना, डावीकडे वळा, सरळ जा, ती गप झाली. तर काकांनी गाडीच थांबवली. मधोमध. मागून सगळे हॉर्न मारतायत. मी म्हटलं, काका, रोजचंच, सरळ दादर. तर मला विचारतात..." तो अडखळला. "विचारतात, दादर कुठे आलं? मग अ‍ॅपवरचा पत्ता बघून मीच गाडी चालवत आणली."

अनुजाला पटेना. ज्या माणसाने परळच्या गिरणीच्या ऑफिसात अर्धं आयुष्य काढलं, जो डोळे मिटून दादरचं एकेक दुकान सांगायचा, तो विचारतो दादर कुठे?

"अहो, पण कट्ट्यावरचे मित्र..."

"कट्टा कुठला, ताई? मला उतरवतात आणि तिथूनच वळतात. उतरताना रोज मीच त्यांच्या फोनवर 'घर' दाबून देतो. मला वाटलं, वय झालंय, फोन जमत नसेल."

म्हणजे बाबा कुणाला सोबत नेत नव्हतेच. स्वतःची वाट हरवलेला माणूस दुसऱ्याच्या पत्त्याला धरून घराबाहेर पडत होता, आणि कुणीतरी 'घर' दाबलं की परत येत होता. आणि आपण टाळ्या वाजवत होतो!

तिने नवऱ्याला, देवदत्तला, फोन लावला. "काहीतरीच काय! बाबा?" एवढंच तो म्हणाला.

कळणार तरी कसं होतं? या घरात बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारायची बंदी. कालिंदीबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, लग्नाच्या आठवड्यातच बजावलं होतं: कुठे म्हणून हटकलं की काम फिसकटतं, विचारायचंच तर 'लांब का?' म्हणावं. सासूबाई गेल्या, शिस्त राहिली. "बाबा, लांब का?" "जवळच!" रोज सकाळी हेच. त्या 'जवळच'च्या मागे गावच उरलेलं नाही, हे कुणाच्या ध्यानात येणार? अनुजाला त्या शिस्तीचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाकांत इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून दाराशी आले. खिळ्यावर किल्ली नव्हती. ती अनुजाच्या मुठीत होती.

"बाबा," तिने मन घट्ट केलं, "कुठे चाललात?"

आता ओरडतील. हटकलंस म्हणतील, रागाने परत आत येऊन बसतील, घोटभर पाणी पिऊन मगच निघतील. ओरडाच हो बाबा, असं तिला अगदी आतून वाटत होतं.

ते ओरडले नाहीत. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला.

"अजून कुणी बोलावलं नाही गं," ते म्हणाले. "कुणी बोलावलं की कळेल."