पाटकऱ्याच्या ताटातलं मुंडकं

आमचं बटाट्याचं वावर पाटाच्या पार शेवटाला. नऊ दिस झाले, पाण्याचा टिपूस न्हाई. पानं करपाया लागली तसं माझ्या बायकोनं, अनारकननं, फावडं भितीला टेकवलं आन् म्हणाली, "शुक्रवारी मेंढरू कापा. पाटकऱ्याला जेवाय बोलवा."

पाटकरी म्हंजी ओरोझाली. पाटाचं पाणी अडवायच्या-सोडायच्या फळ्या त्याच्या हाती आन् वरच्या अंगाची वावरं सगळी त्याच्याच भावकीची.

"हे राजकारण झालं," मी म्हणालो. "आपुन त्यात पडायचं न्हाई."

"राजकारण कशाला म्हंत्यात, अवो?"

"ते राजधानीत भांडत्यात, टीव्हीवर दावत्यात, ते."

"त्यांच्या भांडणानं माझा एकबी बटाटा वाळला न्हाई," ती म्हणाली आन् कढई घासाया बसली.

शुक्रवारी दुपारी ओरोझाली सगळी भावकी घिऊन आला. लोकरीच्या जाजमावर दाटीवाटीनं बसले. चहा झाला, रोटी झाली, जर्दाळूचा मुरंबा चाटूनपुसून झाला.

"मी राजकारणाला शिवत न्हाई," ओरोझाली म्हणाला. "पाणी वरनं खाली येतं. त्यात माझा काय हात?"

"खाली येतं व्हय?" त्याची म्हातारी चुलती बुरुलचा म्हणाली. "आन् माझी सून कुणाला दाट चहा देती, कुणाला पाणचट, ते काय असतं मग?"

समदे हसले. सून तेवढी हसली न्हाई.

मग मटण आलं. कुणाला कंचं हाड, ते मीच वाटतो. अनारकन कानाशी पुटपुटली, "मुंडकं ओरोझालीला." मानाच्या पाहुण्यालाच मुंडकं. मी ठेवलं. गडी फुगला की. पर मुंडकं घेणाऱ्यानं आपल्या हातानं कान कापायचा, टाळू काढायची, ज्याचं त्याला पोचवायचं, आन् शेवटाला घराला आशीर्वाद द्यायचा. तवर तो उठत न्हाई आन् दुसरंबी कुणी उठत न्हाई.

मी सहज भिताडाकडं बघितलं. फावडं न्हाई. अनारकनबी न्हाई.

मग काय, वाढत सुटलो. "दादा, हे बरगडीचं घ्या. दादा, रस्सा घ्या."

थोड्या वेळानं भितीमागं खळखळ वाजलं. ओरोझालीची सुरी थांबली.

"पाणी सुटलं का काय?"

"तुमी जेवा, दादा."

"ओरोझाली," बुरुलचा म्हातारी म्हणाली, आन् तिच्या डोळ्यांत नुसतं हसू, "आशीर्वाद दे बाबा. पोटं फुटाया आली."

समद्यांनी तळवे वर केले. ज्या घरचं मेंढरू तोंडात, त्या घराला माणूस दुसरं काय मागणार? ओरोझालीनं एकडाव भितीकडं बघितलं, एकडाव माझ्याकडं, आन् म्हणाला, "ह्या घरच्या वावराला पाणी कमी पडू नये."

"ओमिन," समदी म्हणाली. सगळ्यात मोठ्यानं दारातनं आवाज आला. अनारकन उभी हुती, गुडघ्यापतुर चिखल, तळवे वर.

हात धुताना ओरोझाली तिच्या पायांकडं बघत म्हणाला, "वैनी, ह्याला राजकारण म्हंत्यात."

"छा, दादा. ह्याला पाहुणचार म्हंत्यात. पुढल्या शुक्रवारीबी या."

आशीर्वाद त्याचाच, साऱ्या भावकीम्होरं दिल्याला. आता फळी कुठल्या हातानं लावील? पुढल्या शुक्रवारी तो काय आला न्हाई. पाणी मातुर आलं.