पाचशे किलोमीटर, एक तास पाच मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. मला हात नाहीत, तरी माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म १९९६ सालचा. पुण्यात मार्केट यार्डासमोर शरच्चंद्र यांचं विमानाच्या तिकिटांचं छोटं दुकान होतं. तिथे अकबर पेंटरने माझ्यावर निळ्या रंगात गावांची नावं, अंतरं आणि वेळा रंगवल्या. 'पुणे ते हैदराबाद : पाचशे किलोमीटर, एक तास पाच मिनिटं' ही ओळ सगळ्यांत ठळक, कारण मिरचीचे व्यापारी तिकडेच जात. "विमानतळापासून घरापर्यंतचा वेळ पण लिहू का?" अकबरने विचारलं होतं.

"अहो, मी विमानाची तिकिटं विकतो, रिक्षाची नाही," शरच्चंद्र म्हणाले.

काय तोरा होता माझा! गेनबा हमाल पाठीवरचं पोतं टेकवून मला वाचायचा आणि म्हणायचा, "आयला, मिरचीला दोन दिस लागत्यात आन् शेठला एक तास!" मी फुलून जायचे.

२००८ साली हैदराबादचा विमानतळ शहरातून उठून लांब गावाबाहेर गेला. शरच्चंद्रांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "आकाशातलं अंतर थोडंच बदलतंय," असं म्हणून त्यांनी मला तसंच ठेवलं. मलाही ते बरंच वाटलं.

पुढच्याच वर्षी एका सकाळी यार्डातल्या मसाल्याच्या दुकानाच्या नसीमबानू धावत आल्या. हैदराबादला त्यांचे अब्बा वारले होते. अकरा चाळीसच्या विमानाचं तिकीट मिळालं. तेवढ्यात त्यांच्या भावाचा, शकीलचा फोन आला. दुपारच्या नमाजानंतर दफन ठरलं होतं. त्यांच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. तरी शकील विचारत होता, "आपा, तुझ्यासाठी संध्याकाळच्या नमाजापर्यंत थांबू का?" फोनमधून त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

नसीमबानूंनी डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. "पावणेएकला उतरते की मी. अब्बांना ताटकळत ठेवू नका," त्या म्हणाल्या.

शरच्चंद्र तिकीट करण्यात गुंतले होते. आणि मी? एवढ्या दुःखातही बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून मला अभिमान वाटत होता. आज त्याची फार लाज वाटते.

विमान ठरल्या वेळेलाच उतरलं. पण पुढे सामान, टॅक्सी, शहरापर्यंतचा लांबलचक रस्ता. शकीलचा फोन मशिदीत बंद. नसीमबानू दारात पोचल्या तेव्हा सव्वादोन वाजले होते आणि पुरुषमंडळी कबरस्तानातून परतत होती.

हे त्यांनी आठवड्याने दुकानात येऊन सांगितलं. भांडायला नव्हत्या आल्या. "पाटी खोटं नाही बोलली, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण अब्बांचं तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच. शकील थांबायला तयार होता हो! मीच नको म्हणाले." शरच्चंद्रांना पाणी विचारायचंही सुचलं नाही.

त्या दिवशी त्यांनी मला उतरवून माळ्यावर टाकलं. गंज चढतोय, पण तक्रार कुठल्या तोंडाने करू? मी खोटं लिहिलं नव्हतं, असं स्वतःला किती समजावलं. तरी मन खातंच. अर्धंच खरं सांगून मी इतकी वर्षं मिरवत होते.

मित्रांनो, एवढी विनवणी ऐका. कुणी वाट पाहत असेल, तर त्याला दारापर्यंतचा वेळ सांगा. आणि "तुझ्यासाठी थांबू का?" असं कुणी मायेने विचारलं, तर माझ्यासारख्या पाटीकडे बघू नका. "थांबा" म्हणा.