यंदाचा गहू

नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना तुळसाबाईंनी मुलाला एवढंच बजावलं, "प्रेमा, गव्हाकडं पाहत राहजो गा. आभाळ भरून राहिलं. पानावर तांबेरा दिसला तर लगेच फवारजो."

"हो, माय."

प्रेमानंद हिंगण्याच्या कारखान्यात होता. घरून शेत फार दूर नव्हतं, तरी तो गेला तो रविवारीच. गव्हातून फिरून बांधावर आला, तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत विटकरी रंगाने माखलेली. पानांवर लोखंडाला गंज चढावा तसे ठिपके. बोट फिरवलं की भुकटी हाताला लागत होती. तांबेरा तो लहानपणापासून ओळखत होता. पंप शेतातच होता, फक्त औषध आणायचं होतं. पण संध्याकाळी मित्रांसोबत सीताबर्डीला जायचं ठरलं होतं. पुढच्या रविवारी फवारू, असं म्हणत त्याने पॅन्ट झटकली. पुढच्या रविवारी ओव्हरटाइम आला.

"गहू कसा आहे?" आईने विचारलं.

"झकास," म्हणत तो तिची उशी सारखी करू लागला.

आई घरी आली, पण शेतापर्यंत चालणं तिला जमत नव्हतं. एके दिवशी शेजारच्या शेताचा कवडू तिला भेटायला आला. त्याचा गहू उशिरा पेरलेला, अजून हिरवागार.

"जय भीम, मावशी. तुमचा गहू पुरा लाल झाला ना. माह्यातही सुरुवात झाली. एकाएकीच आला वाटते."

आईने प्रेमानंदकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"एकाएकी नाही, कवडूभाऊ. मले पहिलेच दिसला होता. मी फवारलं नाही. तिथूनच तुमच्याकडं गेला."

"मंग काहून नाही सांगतलं गा? मी तवाच फवारलं असतं." कवडूने चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि निघून गेला.



दुसऱ्या दिवशी प्रेमानंदने सुट्टी टाकली, औषध आणलं आणि कवडूचं शेत आधी फवारलं. कवडू बांधावर उभा राहून पाहत होता. त्याचा गहू वाचला. प्रेमानंदच्या गव्हाची वेळ मात्र निघून गेली होती. पानं करपली आणि दाणा भरलाच नाही. मळणीनंतर ओंजळीत घेतला तर बारीक, सुरकुतलेला, हलका. पडत्या भावात कुठं तरी विकून टाकू, असं तो म्हणाला, तर आईने नाही म्हटलं. "असा गहू माह्या नावानं कोणाच्या घरात जाणार नाही. आपणच खाऊ."

महाल भागातल्या ताराताई वर्षाचा गहू दरवर्षी आईकडूनच भरत. त्यांचा फोन आला तेव्हा प्रेमानंद समोरच जेवत होता.

"यंदा माहा गहू नाही जमला, ताई," आई म्हणाली. "कवडूचा टपोरा आला आहे, त्याच्याकडून घ्या." मग तिकडून काहीतरी विचारलं असावं. ती हसली. "काय सांगू? मीच दुखण्यात पडली ना. लक्ष द्यायले कोणी नव्हतं."

फोन ठेवून तिने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.