फुकटी सोंगटी

लिफ्टवाल्याची नोकरी गेली. ती त्याने स्वतःच घालवली. रीतसर अर्ज करून, डावीकडे समास सोडून. पण असं काही झालेलंच नाही असं आपण तूर्त धरून चालू, कारण या घडीला तो नोकरीत आहे आणि ताटावर बसून शेजारच्या बुद्धिबळाच्या पटाकडे टक लावून बघतोय.

"अहो, जेवा की. गार होतंय," बायको म्हणाली.

"उंट फुकटा आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"मासिकवाले."

बुद्धिबळाची कोडी रचणं एवढा एकच नाद त्याला होता. पांढऱ्याने दोन खेळ्यांत मात करायची आणि पटावर एकही सोंगटी उगाच नको, हा त्यातला कायदा. त्यासाठी एकेक सोंगटी उचलून बघायची. तिच्यावाचूनही मात होत असेल तर ती फुकटी, तिची रवानगी डबीत. इतक्या वर्षांत त्याच्या कोड्यात अशी सोंगटी कुणाला सापडली नव्हती. आज संपादकांनी कोडं परत पाठवलं होतं आणि वर लाल शाईत शेरा मारला होता: 'उंट नुसता उभा आहे.'

"मग राहीना उभा बिचारा," बायको म्हणाली. "तुमचं काय खातो?"

"कोड्यात असं चालत नाही."

"घरात चालतं. बघतेच आहे मी."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, स्टुलावर बसला आणि लिफ्टच्या चकचकीत दारात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. एरवीही दिसायचंच, पण आज त्या तोंडावर शेरा होता.

जुनी लिफ्ट होती तेव्हा तिला जाळीचं दार होतं, दांडा होता आणि तो फिरवायला माणूस लागायचा. मग बटणांची आली. दांडा भंगारात गेला, माणूस राहिला, कारण त्याला भंगारात काढायचं आस्थापना विभागाच्या लक्षात आलं नाही. आता लोक "पाच" म्हणत आणि तो पाच दाबत असे. काहीजण तर त्याच्या कानावरून हात नेऊन स्वतःच दाबत आणि वर "राहू द्या मामा, बसा तुम्ही" म्हणत. सगळं ऑफिस त्याला मामाच म्हणायचं.

तो उठला आणि बाहेर येऊन उभा राहिला. लिफ्ट वर गेली. पाचाचा दिवा लागला. लिफ्ट खाली आली. माणसं बाहेर पडली आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली. दोन खेळ्यांत मात!

दुसरा कुणी असता तर मुकाट्याने परत स्टुलावर बसला असता. पण याच्या कोडेकारपणाला डाग लागलेला होता. त्याने तिथेच कागद मागून घेतला. 'लिफ्टचालक हे पद अनावश्यक असल्याचे प्रत्यक्ष पडताळणीत आढळून आले आहे.' ज्या ऑफिसात पंखा बंद पडल्याची तक्रार उन्हाळ्यात केली की दुरुस्तीवाला थंडीत येतो, तिथे हा अर्ज जेवणाच्या सुट्टीआधी मंजूर झाला.

बायको आधी हसली. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"स्वतःची नोकरी? अहो, लोक दुसऱ्याची खातात!"

महिन्याभराने तो गणवेश परत करायला गेला. परका माणूस म्हणून जिन्यानेच निघाला. तिसऱ्या मजल्यावर त्याला सफाईवाली पोरगी भेटली. एका हातात पाण्याने भरलेली बादली, दुसऱ्या मनगटाला बँडेज.

"काय गं, लिफ्ट बंद आहे का?"

"नाही मामा. मस्त चालू आहे."

"मग बादली घेऊन चढतेस कशाला?"

तिने बादली खाली ठेवली. "लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचे साहेब असतात."

"ते आधीपण असायचे."

"आधी तुम्हीपण असायचात."

त्याने मनगटाकडे पाहिलं. "हे कशाने?"

"दारात सापडला हात."

"त्या दारात कागद आडवा आला तरी ते उघडतं."

"हो," ती म्हणाली. "सगळे तसंच म्हणाले." आणि बादली उचलून पुढच्या पायऱ्या चढू लागली.

तो कठड्याला धरून उभा राहिला. तपासणीचा दुसरा भाग नवशिक्यालाही पाठ असतो. सोंगटी उचलल्यावर मात होतेय का एवढंच बघायचं नसतं. नको ती वाट मोकळी होतेय का, हेही बघायचं असतं. एखादं प्यादं सबंध कोड्यात हलत नाही, कुणाला मारत नाही. ते तिथे आहे म्हणून एक वाट बंद असते, तेवढंच. इतकी वर्षं तो स्टुलावर बसून जांभया देत होता आणि ते काम होतं. त्याने अर्धीच तपासणी केली होती, तीही लिफ्टच्या बाहेर उभं राहून.

आस्थापना विभागातल्या कारकुनाने गणवेशाच्या गुंड्या मोजून घेतल्या.

"मला परत घ्या," लिफ्टवाला म्हणाला. "माझी पडताळणी चुकली."

"मामा, पद रद्द झालं. तुम्हीच केलंत. इतका छान अर्ज होता, आम्ही नमुना म्हणून लावून ठेवलाय."

"त्या पोरीच्या हाताचं बघितलंत?"

कारकुनाने आवाज खाली आणला. "तिने तक्रार करायला हवी ना. समिती आहे त्याला."

"समितीवर कोण असतं?"

"अध्यक्ष पाचव्या मजल्यावर बसतात," कारकून म्हणाला आणि गुंड्या परत मोजू लागला.

आठवड्याने तो पुन्हा गेला. जिन्यात कुणी नव्हतं. खाली लिफ्टपाशी नवी मुलगी बादली घेऊन उभी होती, आधीच्या पोरीपेक्षाही लहान.

"आधीची कुठे गेली?"

"माहीत नाही, काका. सोडून गेली म्हणे. पण काम बरं आहे. लिफ्टने जायला मिळतं." दार उघडलं तशी ती हसत आत शिरली आणि तिने स्वतःच पाच दाबला.

घरी येऊन त्याने पट बाजूला सारला आणि लिहायला घेतलं. बायकोने कागदावर उजेड पडेल असा दिवा सरकवून दिला.

'माननीय आस्थापना अधिकारी यांस. विषय: लिफ्टमध्ये अनावश्यक इसम नेमण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आपल्या कार्यालयाच्या लिफ्टमध्ये कामाच्या सर्व वेळेत एक इसम उभा करण्यात यावा. सदर इसम बटण दाबणार नाही, दार उघडणार नाही, कोणाशी बोलणार नाही. त्याचा कार्यालयास कोणताही उपयोग होणार नाही, याची हमी अर्जदार देत आहे. वेतनाची अपेक्षा नाही. तरी सदर इसमास नुसते उभे राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'