बकुळेचा काळा घोडा

मी एक जुना घोडा आहे, बुद्धिबळाच्या पटावरचा. मित्रांनो, माझा एक कान तुटला आहे आणि अंगाचा काळा रंग विटला आहे. रत्नागिरीच्या बंदराजवळ होड्या बांधणाऱ्या भागोजी सुताराने उरलेल्या फणसाच्या लाकडातून मला कोरले. काजूच्या टरफलांचे तेल, होडीला लावतात तेच, मलाही चोळले.

भागोजी अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्याशी खेळायला कोणी उरले नाही. म्हणून त्याने सून बकुळेला शिकवले. "वजिराची घाई नको गो. आधी घोडे, उंट बाहेर काढ. राजाला हत्तीआड, किल्लेकोटात ने. मग लढ," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगे. तो गेला आणि आम्ही फळीवर धूळ खात पडलो.

बकुळेची दोन मुले त्याच घरात जन्मली आणि बारसे होण्याआधीच गेली. १९२९ सालच्या वैशाखात तिला पुन्हा सातवा महिना होता. नवरा खंडू मुंबईच्या गोदीतून रजेवर आला होता. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती. ती खोल पाण्यात थांबे; तिच्यापर्यंत पडावाने, म्हणजे लहान होडीने, जावे लागे.

"मला मुंबईच्या इस्पितळात न्या," ती रोज विनवी.

"पोटुशी बाई पडावात चढत नाही," तो रोज सांगे.

त्या दुपारी तिने पट मांडला. "मी जिंकले तर न्याल?"

खंडू हसला. "जिंक की. बोटीत खिडकीजवळ बसवतो तुला."

तिसऱ्याच खेळीला त्याने वजीर बाहेर काढला आणि तिच्या राजाशेजारच्या प्याद्यावर रोखला. बकुळेने मलाच उचलले. मी पुढे येताच वजिराला पळावे लागले. तो पळत राहिला आणि दर खेळीला तिचे एकेक मोहरे बाहेर येत गेले. तिचा राजा किल्लेकोटात बसला, तेव्हा खंडूचे घोडे, उंट अजून जागचे हलले नव्हते. थोड्याच वेळात त्याच्या राजावर मात झाली.

"गंमत होती गो ती," तो म्हणाला. "डावावर कोणी घर सोडतं?" त्याने पट उधळला. मी उंबऱ्यावर आपटलो. माझा कान तिथेच गेला.

बकुळा रडली नाही. तिने मला उचलले. "पुन्हा मांडते. बोट येईपर्यंत मांडत राहीन."

सासू धोंडूबाई सुनेशी कामापुरतेच बोलत असे. ती चुलीपुढून उठून आली. "खंडू, दोघांची नाळ मी कापली. पुरलं पण मीच. तिसरं माझ्या हातात देऊ नको रे. ने तिला."

सकाळी खंडूने बकुळेचे गाठोडे स्वतः पडावात ठेवले.

मग पावसाळा लागला आणि समुद्र बोटींना बंद झाला. श्रावणात कार्ड आले. धोंडूबाईने ते टपालवाल्याकडून तीनदा वाचून घेतले. मुलगी झाली होती, बावीस दिवसांची होती, दूध पीत होती.

मित्रांनो, मला तेल लावा, नाहीतर फळीवर पडू द्या. पण घरातले कोणी जिवासाठी हात जोडत असेल, तर त्याला आधी डाव जिंकून दाखवायला लावू नका.