आईच्या लग्नातल्या घंटा

आमच्या कथीड्रलच्या, म्हणजे शहरातल्या थोरल्या चर्चच्या, मनोऱ्यावर चढायला आता तिकीट लागतं. जिन्यात दिवे आलेत, आणि दम्याच्या, हृदयाच्या रुग्णांनी चढू नये अशी पाटी पायथ्याशी लावली आहे. मागच्या वसंतात मी नातीबरोबर चढले. तिला ती पाटी मी वाचूच दिली नाही. पायऱ्या तशाच आहेत, मधोमध ताटलीसारख्या झिजलेल्या आणि इतक्या उंच की गुडघा छातीला लागावा. कठड्याऐवजी भिंतीला बांधलेला जाड दोर आहे, तोही हातांच्या घामाने तसाच गुळगुळीत. दोन वळणं झाली आणि मला वाटलं, आत्ता वरून आजोबांची हाक येणार, “विनी, पाय उचल! सह्या चालू झाल्या!”

ती हाक सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरातली. त्या दिवशी माझ्या आईचं लग्न होतं. दुसरं.

पहिलं लग्न दुसऱ्या महायुद्धात झालं. तेव्हा साऱ्या इंग्लंडात चर्चच्या घंटांना बंदी होती. शत्रू उतरला तरच त्या वाजवायच्या, एरवी नाही. माझे आजोबा, ॲम्ब्रोझ टक, मनोऱ्यावरच्या घंटा वाजवणाऱ्या मंडळींचे म्होरके. अर्ध्या शहराच्या लग्नांत त्यांनी घंटा घणघणवल्या होत्या, आणि पोटच्या पोरीच्या लग्नात मात्र ते बाकावर हात चोळत बसले. एडीमावशी सांगायची, दार उघडून दोघं बाहेर आली तर इतकं सामसूम होतं, की कुणाच्या तरी नव्या बुटांची कुरकुर ऐकू येत होती. बाबा आईला म्हणाले होते, “बंदी उठली की वाजवू.” बंदी उठली तेव्हा ते समुद्रावर होते, आणि तिथेच राहिले. मला तेव्हा जेमतेम चालता येत होतं.

नंतर मिस्टर फिच आले. लेनर्ड फिच, सायकली दुरुस्त करणारे, अबोल, टकले, रविवारीसुद्धा हाताला वंगणाचा वास. आईने त्यांना होकार दिला तेव्हा एकच अट घातली.

“घंटा हव्यात, लेनर्ड. सगळ्या. कानठळ्या बसेपर्यंत.”

“हो,” मिस्टर फिच म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच होतं.

मला आजोबांनी लहानपणीच दोर धरायला शिकवलं होतं. आमच्या मनोऱ्यात आठ घंटा. पहिली सगळ्यांत लहान, बारीक आवाजाची. आठवी थोरली, तिचा घुमारा पोटात जाणवतो. पहिली निघाल्याशिवाय बाकीच्यांनी निघायचं नसतं. ती पहिली माझी होती. आईने मला निक्षून सांगितलं, “बाकावर रुमाल घेऊन रडायला एडी आहे. तू वर जा. मला तू दोरावर हवीस.”

म्हणून लग्नाच्या शपथा ऐकल्या, अंगठी बोटात गेलेली पाहिली, आणि लग्नाच्या नोंदवहीत सही करायला मंडळी आतल्या खोलीकडे वळताच मी जिन्याचं दार गाठलं. नवा निळा झगा एका हातात गोळा करून धरला आणि पळत सुटले. तो जिना पळण्यासाठी केलेलाच नाही. तो गरगर वळतो, डोकं हलकं होतं, मध्येच एका फटीतून प्रकाशाची पट्टी येते आणि पुन्हा अंधार. वरून आजोबा ओरडत होते आणि मी “आले, आले” म्हणायलाही श्वास वाया घालवत नव्हते.

दोरांच्या खोलीत पोचले तर मंडळी कोट काढून, बाह्या सारून तयार. सगळे साठीच्या आसपासचे. युद्धानंतर आमच्या मनोऱ्यात तरुण माणूस म्हणजे मीच. आठवीच्या दोराशी वॉल्टर पास्क, त्यांचा गुडघा धरलेला. सातवीशी सिरिल बड, पोट दोराच्याही पुढे. दोघं शाळेपासूनचे मित्र आणि शाळेपासून एकमेकांशी भांडत आलेले.

“काय गं, हरणी,” सिरिल म्हणाले, “लग्न लागलं की मुलगा पळाला?”

“लागलं!”

“मग आज शकुनच चांगला आहे,” वॉल्टर म्हणाले. “इतकी वर्षं माझ्या टोपीला इथे जागा मिळाली नाही. आज बघ, आपला खिळा मोकळा.”

मी बघितलं. भिंतीवर आठ खिळे होते. सात खिळ्यांवर चामड्याच्या गाद्या लोंबत होत्या, आणि आठव्यावर वॉल्टरची टोपी.

आदल्या दिवशी कथीड्रलच्या जुन्या मुख्य धर्मगुरूंची, डीनसाहेबांची, अंत्ययात्रा होती. मयतीला आमच्याकडे घंटेच्या लोलकाला एका बाजूने चामड्याची गादी बांधतात. मग एक ठोका खणखणीत पडतो आणि पुढचा दबलेला, दूरच्या डोंगरातून उत्तर आल्यासारखा. ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. काम झालं की ज्याने त्याने आपल्या घंटेची गादी सोडायची आणि आपल्या खिळ्याला अडकवायची, हा आजोबांचा कडक नियम.

“वॉल्टरकाका,” मी म्हणाले, “आठवीची गादी कुठे आहे?”

सगळ्यांच्या माना खिळ्यांकडे वळल्या.

“मला काय विचारतेस?” वॉल्टर म्हणाले. “काल माझा गुडघा उठला होता. आठवी सिरिलने ओढली.”

“ओढली मी,” सिरिल म्हणाले, “पण घंटा तुझी! ज्याची घंटा त्याची गादी. नियम आहे.”

“ओढेल तो सोडेल, असा नियम आहे!”

“तुझ्या गुडघ्याचा नियम असेल तो!”

आजोबांचा चेहरा मेणासारखा झाला. ते खूप हळू बोलले. “म्हणजे गादी अजून वर आहे. माझी म्युरिएल दारातून बाहेर येणार, आणि थोरली घंटा मयताची वाजणार.”

विधवेचं लग्न; शहरात कुजबुज आधीच कमी नव्हती. दबलेला एक ठोका पडला असता तर बाजारातल्या बायकांनी लगेच म्हटलं असतं, बघा, पहिला नवरा बोलला. आणि आईनेही ते मनात धरलं असतं. वरवर हसली असती, पण धरलं असतं.

“आठवी सोडून देऊ,” कुणीतरी म्हणालं. “सातच वाजवू.”

“सगळ्या म्हणाली आहे ती,” आजोबा म्हणाले आणि शिडीकडे निघाले.

मी त्यांच्या आधी शिडीला हात घातला. “तुम्हाला वर जायलाच तेवढा वेळ लागेल, आजोबा.”

“खाली उतर! तो झगा...”

“झगा धुता येतो.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग गर्रकन वळले. “वॉल्टर, आठवीचा दोर वर अडकव आणि खाली खुर्ची टाकून बस. ही परत येईपर्यंत कुणी एकाही दोराला बोट लावलं, तर त्याला मी या खिडकीतून खाली पाठवीन. जिन्याने नाही.”

शिडी, मग पुन्हा जिना, पहिल्याहून अरुंद. तिथे खांदे दोन्हीकडे घासतात. पायऱ्यांवर कावळ्यांनी आणून टाकलेल्या काटक्या. मी हातांनी, गुडघ्यांनी, जमेल तशी चढत होते. भिंतीतून ऑर्गनचा आवाज येत होता. ऐकू कमी येत होता, दगडातून तळव्यांना जास्त कळत होता. ऑर्गन चालू आहे तोवर वेळ आहे, एवढं मला माहीत होतं.

घंटांच्या खोलीचं दार ढकललं आणि वारा तोंडावर आला. ओकच्या तुळयांत आठ जणी तोंड खाली करून स्वस्थ लोंबत होत्या. थोरली तर गाईएवढी, हिरवट काळी. मी झगा कमरेला खोचला, तुळईखाली पाठीवर पडले आणि तिच्या पोटात हात घातला. गादी होती. सिरिलकाकांनी पट्टा असा आवळला होता, की जणू डीनसाहेब परत येतील अशी भीती होती. बक्कल वंगणाने चिकटलेलं. नख तुटलं. दुसरं तुटलं.

ऑर्गन थांबला.

मग खालून, झडपांच्या फटींतून, माणसांचा गलका वर आला. दार उघडलं होतं. गलका थोडा वाढला आणि मग हळूहळू कमी होत गेला, लोक कशाची तरी वाट बघत गप्प होतात तसा. अशाच शांततेत आई एकदा बाहेर आली होती.

मी केसांतली पिन उपसली, बक्कलच्या जिभेखाली खुपसली आणि सगळा जोर लावला. पिन वाकली. आणि पट्टा सुटला.

गादी दातांत धरून मी उतरले. हात मोकळे हवेत ना! जिना उतरताना पाय लागले किती पायऱ्यांना आणि घसरले किती, देव जाणे. दोरांच्या खोलीत शिरले तेव्हा आजोबा जमिनीवर पालथे पडले होते. त्या खोलीच्या जमिनीला एक झाकण आहे, घंटा वर चढवण्यासाठी ठेवलेलं, आणि झाकणाला डोळा लावण्याएवढं भोक. बरोबर खाली मोठं दार.

“सुटली!” मी म्हणाले, गादी तोंडात असल्याने ते काहीतरी भलतंच ऐकू आलं.

“ती हलत नाहीये,” आजोबा डोळा न काढता म्हणाले. “उंबऱ्यावर उभी आहे. सगळे बाहेर बोलावताहेत, आणि ही उभी.”

खाली काय चाललं होतं ते एडीमावशीने पुढे इतक्यांदा सांगितलं, की आता मला वाटतं मीच तिथे होते. छायाचित्रकार म्हणत होता, “बाई, एक पाऊल पुढे या, उजेड चाललाय.” आई म्हणाली, “घंटा वाजल्याशिवाय नाही.” मिसेस फिच, म्हणजे नवी सासू, म्हणाली, “अगं, जेवण थांबलंय, लोक थांबलेत!” आई म्हणाली, “मी या सगळ्यांपेक्षा जास्त थांबले आहे.” तेव्हा सगळ्यांनी मिस्टर फिच यांच्याकडे पाहिलं, की हे तरी बायकोला समजावतील. त्यांनी टोपी काढली, तिच्या शेजारी उंबऱ्यावर नीट उभे राहिले आणि म्हणाले, “मला कुठेच जायचं नाही.”

वर आजोबा उठले. गुडघ्यांवरची धूळही झटकली नाही. वॉल्टरने खुर्ची लाथाडली, दोर सोडला. सगळे आपापल्या जागी. माझे हात वंगणाने काळे, दोराला पकडीसाठी गुंडाळलेली लोकर मुठीतून निसटत होती.

“श्वास घे,” आजोबा म्हणाले. “मग सांग आम्हाला.”

पहिलीने सांगायचं असतं. मी श्वास घेतला. “सांभाळा!” मी म्हणाले. “निघाली...” आणि दोर ओढला. “गेली!”

पहिली बोलली, मागोमाग दुसरी, तिसरी, एकीच्या टाचेवर दुसरी, आणि शेवटी थोरली. मी कान तिच्यावर लावून होते. एक ठोका खणखणीत पडला. पुढचा... तोही खणखणीत! सिरिलकाका “हा!” असे ओरडले की दोर हातातून सुटता सुटता राहिला. घंटांचा झोका जरा जरा उंच जाऊ लागला, आवाज फुगत गेला, मनोरा हलायला लागला. तो खरंच हलतो. नव्या माणसाला भीती वाटते. मला त्या दिवशी वाटलं, हा आता आम्हाला घेऊन उडणार.

थांबा म्हणायचं काम आजोबांचं. ते म्हणत नव्हते. आम्ही वाजवत होतो, पुन्हा वाजवत होतो, माझ्या तळहातांना फोड आले, वॉल्टरकाका गुडघ्याला शिव्या घालत होते, तरी आजोबा नुसते दोराकडे बघत ओढताहेत. अखेर कथीड्रलचे सेवक मिस्टर जेसप जिना चढून आले, लाल होऊन, भिंतीला धरून.

“मिस्टर टक,” ते धापा टाकत ओरडले, “नवऱ्याची आई विचारते आहे, किती वेळ? जेवण थंड होतंय!”

“हॅम आहे ते!” आजोबा ओरडले. “थंडच असतं! म्युरिएल काय म्हणतेय?”

“ती काहीच म्हणत नाही. बाहेर गवतावर उभी आहे. मान वर करून. हॅट पडली तरी तिचं लक्ष नाही.”

आजोबांनी दोर खाली ओढला, वर जाऊ दिला, पुन्हा ओढला.

“मग तिला म्हणावं, मान दुखली की सांग,” ते म्हणाले. “विनी, वेग वाढव.”