माझ्या समासातले धुके

मी एक जुने वेळापत्रक आहे, आणि तेही विमानांचे. माझ्या पाठीवर 'डिसेंबर १९९४' असे छापले आहे. मित्रांनो, ते आधी वाचा आणि मगच मला उघडा. माझ्यातल्या एकाही वेळेवर आता विश्वास ठेवू नका. ही सूचना मी सुरुवातीलाच देते, कारण माझ्यावर विश्वास ठेवून एका माणसाचे काय झाले ते मी विसरलेले नाही.

माझा जन्म परदेशातल्या छापखान्यात झाला. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा, अक्षरे मुंगीएवढी, पाने हजारावर. जगातले कोणते विमान कुठून कधी सुटते आणि पुढचे कुठे मिळते, ते सगळे माझ्यात होते. आयुष्य मात्र महिन्याभराचे. नवे पुस्तक आले की जुने रद्दीत. म्हणूनच असेल, मी जन्मापासून जरा घाबरट आहे.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका तिकीट कचेरीत मी आले. मालक पोपटशेठ तरुण आणि बोलण्यात चटपटीत होते. तिकिटांचे काम महिपतराव पाहत. ते ठाकुर्लीहून येत, हळू बोलत आणि प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून वाचत. तो पट्टीचा गार स्पर्श मला आवडे. "पुस्तकात आहे म्हणजे आहे," असे पोपटशेठ गिऱ्हाइकांना सांगत. माझी एवढीच स्तुती झाली, आणि तिनेच घात केला.

चेंदणी कोळीवाड्यातल्या गोमाजीला सहलीच्या एका मोठ्या जहाजावर, स्वयंपाकघरात नोकरी लागली होती. जहाज अमेरिकेतल्या मायामी बंदरातून शनिवारी संध्याकाळी सुटणार होते. मुंबईहून दिल्ली, तिथून लंडन, मग न्यूयॉर्क आणि शेवटी मायामी, असा मार्ग ठरला. दिल्लीत विमान बदलायला माझ्या पानाप्रमाणे पावणेदोन तास मिळत होते. महिपतरावांनी पट्टी धरून दोनदा पाहिले. गोमाजी शनिवारी दुपारी पोचणार होता.

त्या पहाटे दिल्लीत धुके होते, म्हणून मुंबईहून तिकडे जाणारे विमान वेळेवर सुटलेच नाही. धुके विरताच दिल्लीचे विमान मात्र लंडनला निघून गेले. गोमाजी मायामीला पोचला तेव्हा रविवार उजाडला होता आणि धक्का रिकामा होता. त्याच्या जागी दुसरा माणूस चढला होता.

आठवड्याने तो कचेरीत आला. त्याने आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते. मला पुढे ओढून तो एवढेच म्हणाला, "ह्यात धुकं कुठं लिवलंय, ते जरा दाखवा."

माझी हजारावर पाने, पण धुके कुठेच नव्हते. महिपतरावांनी तरीही दिल्लीच्या पानावर पुन्हा पट्टी धरून पाहिली. मला तर मिटून घ्यावेसे वाटले.

जानेवारीचे पुस्तक आले तेव्हा मी रद्दीची वाट पाहत होते. पण महिपतरावांनी मला आपल्या खणात ठेवले. मग ते रोज पेन्सिलीने माझ्या समासात काहीतरी लिहू लागले. वर्तमानपत्रात वाचलेले, परत आलेल्या प्रवाशांना विचारलेले. दिल्लीपुढे 'पौषात पहाटे धुके', न्यूयॉर्कपुढे 'बर्फ, दोन-दोन दिवस बंद', लंडनपुढे 'भरवसा नाही'. मला वाटे, हा माणूस आपली चूक माझ्या अंगावर गिरवत बसला आहे.

वर्ष गेले. थंडीत गोमाजीला जहाजाच्या कंपनीचे पत्र आले, पुन्हा शनिवारच्याच जहाजासाठी. या वेळी जहाज चुकले तर परत बोलावणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तो आपल्या आईला, आवडाबाईंना, बरोबर घेऊन आला. पोपटशेठनी नवे पुस्तक उघडले आणि दिल्लीमार्गे सर्वांत लवकर पोचाल, असे सांगितले. खणात माझी पाने थरथरली.

आवडाबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग त्या महिपतरावांकडे वळल्या. "भाऊ, धुकं पडलं तर आमी होडी भायेर काढत नाय. तुमचं इमान काय करतं?"

"तेही काढत नाहीत, आवडाबाई," महिपतराव म्हणाले. मग त्यांनी मला खणातून बाहेर काढले. त्या दिवशी त्यांची पट्टी माझ्या वेळांवरून फिरली नाही, समासावरून फिरली. दिल्ली गेली, लंडन गेले, न्यूयॉर्कही गेले. उरला तो दक्षिणेकडचा लांबचा रस्ता. मुंबईहून थेट रोम, मग माद्रिद, मग मायामी. वेळा त्यांनी नव्या पुस्तकातून घेतल्या. आणि पोचायचे शनिवारी नव्हे, गुरुवारी, असे ते चाचरत म्हणाले.

पोपटशेठ हसले. "काका, दोन दिवस आधी जाऊन हा तिथे काय जाळं टाकणार?"

गोमाजीलाही हसू आले. आवडाबाई हसल्या नाहीत. "खाडीत शेवटच्या भरतीवर इसंबला तो गाळात रुतला," त्या म्हणाल्या. "एक भरती हातात ठेवायची. भाऊ सांगतात तसंच काढा."

गोमाजी गेला आणि माझ्या भीतीला सुरुवात झाली. मित्रांनो, छापील चूक पुष्कळांची असते. ही पेन्सिलीची नोंद मात्र एकट्या महिपतरावांची होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात न्यूयॉर्कचा विमानतळ बर्फाने बंद झाल्याची बातमी आली. दिल्लीतही धुके होते. महिपतरावांनी डबा उघडला नाही. रोमपुढे माझ्या समासात काहीच लिहिलेले नव्हते. तिथे काही झाले तर? कोरी जागा पाहून ते घाबरत होते, आणि मीही.

शनिवारी सकाळी आवडाबाई आल्या. त्यांचा चेहरा पाहून काहीच कळेना. शेजारच्यांकडे गोमाजीचा फोन आला होता. रोमला वादळी पाऊस लागला, माद्रिदचे विमान हुकले आणि एक अख्खा दिवस बुडाला होता.

महिपतराव खुर्चीतून अर्धवट उठले.

"बसा, भाऊ," आवडाबाई म्हणाल्या. "एक भरती गेली. दुसरी हातात होती. तो पोचला. जहाज अजून धक्क्याला लागलं नाय, आणि हा पेटी घेऊन उभा."

महिपतराव बसले. त्यांनी चष्मा पुसला. मग माझ्या कव्हरवर लिहिले, 'वेळा जुन्या. समास पाहावा.' आणि आत रोमपुढे 'पाऊस'.

पुढे कचेरीत संगणक आला आणि माझ्यासारखी पुस्तके येणेच थांबले. महिपतराव निवृत्त झाले तेव्हा मला पिशवीत घालून घरी घेऊन गेले. आता मी ठाकुर्लीत एका कपाटावर आहे, रबराने बांधलेले. डिसेंबरात पहाटे खिडकीबाहेर धुके उतरते, तेव्हा मला अजूनही धास्ती वाटते. कुठेतरी कोणी पावणेदोन तासांवर भरवसा ठेवून निघाले तर नसेल?

मित्रांनो, जुन्या पुस्तकावर विश्वास ठेवण्याआधी त्याचे साल पाहा. पण त्याला रद्दीत घालण्याआधी समासही पाहा. तिथे कोणीतरी स्वतःची चूक लिहून ठेवलेली असते, पुढच्या माणसाने ती करू नये म्हणून. माझी पेन्सिल आता पुसट होत चालली आहे. दिल्लीपुढचे 'धुके' जेमतेम वाचता येते. तुमच्यापैकी कोणाचे अक्षर चांगले असेल, तर ते एकदा गिरवून द्याल का?